रायपनिंग चेंबरच्या छताचे तीन आकडे: चौदा, साडेचार की बारा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. सावद्याजवळ केळी पिकवण्यासाठी वीस बाय बाराचं, दहा फूट उंचीचं रायपनिंग चेंबर बांधायचं आहे. भिंती आणि छत ८० मिलिमीटरच्या पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलचे. मे महिन्याच्या दुपारी छतातून किती उष्णता आत येईल, हे तुम्ही तिघांना विचारलंत. पॅनेलवाल्याने लिहून दिलं, १४ वॅट प्रति चौरस मीटर. कूलिंगवाल्याच्या कागदावर ४.५ बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट आहे. तिसऱ्या, जुन्या पद्धतीने हिशेब करणाऱ्या इंजिनिअरने १२ किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटर काढले. साडेचारचा आकडा सगळ्यात कमी, मग तोच माल घ्यावा का, असं तुम्ही विचारता. आणि सोलरवाला म्हणतो छतावर हजार वॅटचं ऊन पडतं, तर आत चौदाच कसे, हा तुमचा दुसरा प्रश्न.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत देता येतं: तिघांनी एकच गोष्ट सांगितली आहे. केळीचा भाव कोणी क्विंटलला दोन हजार सांगितला आणि कोणी किलोला वीस, तर वीसवाला स्वस्त ठरत नाही. या तीन कागदांवरून पॅनेल निवडायचं कारण नाही. त्यासाठी पॅनेलची घनता, पत्र्याची जाडी, सांध्याचं लॉक आणि दाराचं गॅस्केट बघा.

पण हिशेब तुम्हाला स्वतःला करता आला पाहिजे. पुढच्या वेळी तीनपैकी एक आकडा खरोखर चुकलेला असेल आणि तो ओळखणारं दुसरं कोणी नसेल.

हीट फ्लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागातून जाणारा उष्णतेचा प्रवाह. त्याच्या एककात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: उष्णता किती, किती वेळात, आणि किती क्षेत्रफळातून. एकक बदलताना हे तीन तुकडे सुटे करायचे आणि एकेक बदलायचा. तयार गुणक पाठ असला तरी एकदा तरी हाताने करून बघा.

साडेचार बीटीयू घ्या. एक बीटीयू म्हणजे १०५५ ज्यूल, म्हणून साडेचार बीटीयू झाले ४७४८ ज्यूल. हे एका तासात येतात, म्हणजे ३६०० सेकंदांत. भागाकार केला की १.३२ ज्यूल प्रति सेकंद, म्हणजेच १.३२ वॅट. हे झालं एका चौरस फुटाचं. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट बसतात, तेव्हा १.३२ ला १०.७६४ ने गुणायचं. उत्तर १४.२ वॅट प्रति चौरस मीटर.

बहुतेकांची चूक शेवटच्या पायरीवर होते. फुटाचा मीटर करायचा म्हटलं की सवयीने भागाकार होतो, आणि उत्तर ०.१२ येतं. जागा मोजताना २४० चौरस फुटांना १०.७६४ ने भागून २२.३ चौरस मीटर काढतो, ते बरोबरच आहे. पण इथे क्षेत्रफळ खाली, छेदात आहे. मोठ्या तुकड्यातून जास्तच उष्णता येणार, एवढं मनात धरलं की गुणायचं की भागायचं हा घोळ होत नाही. आपल्याकडे गवंडी, फरशीवाले ब्रासमध्ये बोलतात. तुमचं छत त्यांच्या भाषेत २.४ ब्रास. कोणी उष्णता ब्रासवर सांगितली तरी रीत हीच राहील, फक्त ब्रासचे शंभर चौरस फूट धरायचे.

आता बारा किलोकॅलरी. एक किलोकॅलरी ४१८७ ज्यूल, बारांचे झाले ५०,२४४. त्याला ३६०० ने भागलं की १३.९६. क्षेत्रफळ आधीच चौरस मीटरमध्ये आहे, त्यामुळे काम संपलं. पॅनेलवाल्याचे चौदा, हे चौदा आणि ते सव्वाचौदा. एवढा फरक फक्त आकडा गोल केल्यामुळे पडलेला आहे.

रोजच्या कामासाठी दोन गुणक पाठ ठेवा. बीटीयूला ३.१५५ ने गुणा, किलोकॅलरीला १.१६३ ने गुणा, दोन्हीकडून वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. आणि पडताळणीसाठी एक त्रिकूट: १००० वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे ८६० किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटर, म्हणजे ३१७ बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट. त्यातलं ८६० बॉयलरवर काम केलेल्या माणसाला माहीत असतंच, कारण एका युनिट विजेची उष्णता ८६० किलोकॅलरी. या त्रिकुटातून क्रम लक्षात राहतो. वॅटचा आकडा सगळ्यात मोठा, किलोकॅलरीचा त्याहून जरा कमी, बीटीयूचा जवळजवळ एक तृतीयांश. तुमचे चौदा, बारा, साडेचार याच क्रमात आहेत. कॅल्क्युलेटर न काढताही तिघे एकच बोलत आहेत हे त्यावरून कळतं.

कॅलरीच्याही दोन व्याख्या आहेत, ४.१८६८ ज्यूलची आणि ४.१८४ ज्यूलची. दोन्हींत दहा हजारांत सातचा फरक आहे. चेंबरच्या कामात त्याकडे बघायचं कारण नाही.

खरी गफलत होते ती यू-व्हॅल्यूमध्ये. पॅनेलवाला फ्लक्स क्वचितच देतो, बहुधा यू-व्हॅल्यू देतो, म्हणजे तापमानात एका अंशाचा फरक असताना किती उष्णता जाईल ते. पफची उष्णतावाहकता साधारण ०.०२३ वॅट प्रति मीटर प्रति अंश. जाडी ०.०८ मीटर. भागाकार ०.२९ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश सेल्सिअस. (दोन्ही बाजूंच्या हवेच्या थराचा थोडा अडथळा असतो, तो मी सोडला आहे. त्यामुळे उष्णता किंचित जास्त धरली जाते आणि ते आपल्या फायद्याचं आहे.) उन्हात छताचा पत्रा ६५ अंश तापला आणि आत १६ अंश ठेवले, तर फरक ४९ अंश. ०.२९ गुणिले ४९ म्हणजे १४.२. पॅनेलवाल्याचे चौदा आले ते इथून.

हीच यू-व्हॅल्यू इंग्रजी पद्धतीत ०.०५१ होते, कारण तिथे बीटीयू, तास आणि चौरस फूट यांच्या जोडीला अंशही फॅरनहाइट असतो. त्यामुळे गुणक ३.१५५ राहत नाही, ५.६७८ होतो. कागदावर नुसतं 'यू = ०.०५१' लिहिलं असेल, एकक नसेल, आणि तुम्ही ते वॅटचं समजून सेल्सिअस आणि चौरस मीटर लावले, तर उष्णता साडेपाच पटींहूनही कमी दिसेल. असं अफाट चांगलं पॅनेल बाजारात मिळत नाही. ८० मिलिमीटरच्या पफला वॅटमध्ये ०.३ च्या आसपास आणि बीटीयूमध्ये ०.०५ च्या आसपास एवढं ध्यानात ठेवलं तर एकक न लिहिलेला कागदही वाचता येतो. तरी मी तो परत पाठवून एकक लिहून मागतो. तुम्हीही मागा.

आणखी एक चूक शिकलेली माणसंही करतात. फॅरनहाइटमध्ये तापमान बदलताना १.८ ने गुणून ३२ मिळवतात. पण इथे तापमान बदलायचं नसून तापमानातला फरक बदलायचा आहे. ४९ अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ८८.२ अंश फॅरनहाइटचा फरक, फक्त १.८ ने गुणून. त्यात ३२ मिळवले तर १२० होतात आणि फ्लक्स साडेचारऐवजी ६.१ निघतो. तुमच्या कूलिंगवाल्याने ०.०५१ ला ८८.२ ने गुणून ४.५ काढले आहेत, म्हणजे त्याला काम येतं. केल्विन आणि सेल्सिअसमध्ये हा प्रश्न येत नाही, फरक दोन्हींत तेवढाच राहतो.

आता ऊन. इथे एककांपेक्षा वेळेचा गोंधळ मोठा आहे.

सोलरवाला हजार वॅट म्हणतो ते पॅनेल तपासायच्या प्रमाणित परिस्थितीतलं ऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना त्याच्या आसपास ऊन पडतं, त्यामुळे छतासाठी तो आकडा धरायला हरकत नाही. पण तोच सोलरवाला दुसऱ्या पानावर ६.५ किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर प्रति दिवस असं लिहितो. हा आकडा अख्ख्या दिवसाच्या बेरजेचा आहे. त्याला २४ ने भागलं तर सरासरी २७१ वॅट प्रति चौरस मीटर येते. म्हणजे एकाच छतावरच्या एकाच उन्हाचे १००० आणि २७१ असे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. साक्री तालुक्यात सौर प्रकल्प उभा आहे, तिथे वर्षाला किती युनिट निघतील हे काढायला दिवसाची बेरीज लागते. तुमच्या छताचं कूलिंग ठरवायला दुपारचा आकडा लागतो, कारण मशीनला दुपारीच झगडावं लागतं. सरासरीवर मशीन घेतलं तर दोन वाजता ते कमी पडेल.

जुन्या हवामान-तक्त्यांत हेच ऊन लँगलीमध्ये सापडतं. एक लँगली म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक कॅलरी. ६.५ किलोवॅट-तास म्हणजे २३.४ मेगाज्यूल प्रति चौरस मीटर, म्हणजे साधारण ५५९ लँगली. लँगली प्रति दिवसला ०.४८४ ने गुणलं की सरासरी वॅट मिळतात. पण लँगली प्रति मिनिट लिहिलं असेल तर गुणक ६९७ होतो. दोन्हींत १४४० पटींचा फरक आहे, दिवसाच्या मिनिटांइतका. म्हणून 'लँगली' एवढाच शब्द वाचून पुढे जाऊ नका, त्यापुढे मिनिट आहे की दिवस ते बघा.

तुमची केळी ठिबकवर असेलच, तेव्हा एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हवामान केंद्र किंवा कृषी सल्ला बाष्पोत्सर्जन मिलिमीटर प्रति दिवसात देतो. तोही उष्णतेच्या प्रवाहात बदलता येतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, आणि ते उडवायला २.४५ मेगाज्यूल लागतात. दिवसावर पसरलं तर २८.४ वॅट प्रति चौरस मीटर. समजा बागेतून दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडतं. त्याला सरासरी १९८ वॅट प्रति चौरस मीटर उष्णता लागली. वर काढलेल्या २७१ मधून ती बसते. उलट कोणी तुम्हाला दिवसाला बारा मिलिमीटर पाणी लागतं म्हणून सांगितलं, तर ते ३४० वॅट झाले, म्हणजे त्या दिवशी पडलेल्या एकूण उन्हापेक्षाही जास्त. बांधावरून गरम वारा वाहत असेल तर तो बाहेरची थोडी उष्णता आणतो हे खरं, पण एवढा फरक दिसला की शिफारस पुन्हा तपासायला लावा. खान्देशात विहिरी किती खोल गेल्या आहेत ते तुम्हाला सांगायला नको. हा एक गुणाकार तिथे फार कामाचा आहे.

परत छतावर येऊ. हजार वॅट पडतात आणि चौदा आत येतात, मग बाकीचे कुठे जातात? पांढऱ्या पत्र्यावरून निम्म्याच्या आसपास ऊन परत फेकलं जातं. धूळ बसली की हा वाटा घटतो. उरलेल्या उन्हाने पत्रा तापतो, हवेपेक्षा गरम होतो आणि ती उष्णता हवेलाच परत देतो. हवा ४४ अंश, पत्रा ६५, फरक २१. वारा आणि उत्सर्जन मिळून चौरस मीटरला अंशामागे वीस वॅट धरले तर ४२० वॅट हवेत परत गेले. उरलेले चौदा पफमधून हळूहळू खाली झिरपतात. पत्रा काळपट किंवा गंजका असता तर तो आणखी तापला असता आणि चौदाचे अठरा-वीस झाले असते. म्हणून छतावर पांढरा पत्रा घ्या आणि एप्रिलमध्ये एकदा धुऊन घ्या. पॅनेलची जाडी वाढवण्यापेक्षा हे फार स्वस्तात होतं.

प्रवाहाला दिशाही असते. डिसेंबरच्या रात्री बाहेर ९ अंश आणि आत १७ असतील तर फरक उलटा, उणे आठ, आणि भिंतीतून चौरस मीटरला २.३ वॅट बाहेर जातात. आकडा छोटा आहे, पण चिन्ह विसरलात तर हिवाळ्यात गरम करायची सोय लागेल की नाही हेच लक्षात येणार नाही. केळी तेराच्या खाली गेली की साल काळवंडते.

वाफेच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. जळगावच्या डाळ मिल आणि तेल गिरण्यांच्या बाजूला ज्यांचं काम आहे त्यांनी हे वाचावं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या ऊर्जा लेखापरीक्षणाच्या पुस्तकात उघड्या पृष्ठभागावरून वाया जाणाऱ्या उष्णतेचं एक सोपं सूत्र आहे. पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानातला फरक घ्या, त्याला २० ने भागा, त्यात १० मिळवा आणि पुन्हा त्याच फरकाने गुणा. पृष्ठभाग २०० अंशांपर्यंत असेल तर ते चांगलं चालतं. वाफेची उघडी पाइप १५० अंशांवर आणि शेडमध्ये ४० अंश असतील तर फरक ११०. ११० भागिले २० म्हणजे ५.५, अधिक १० म्हणजे १५.५, गुणिले ११० म्हणजे १७०५. हे उत्तर किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटरमध्ये येतं. वॅटमध्ये ते १९८३ होतं. अहवालात पुष्कळदा १७०५ पुढे सरळ 'वॅट' लिहिलेलं असतं, आणि मग इन्सुलेशनची बचत चौदा टक्क्यांनी कमी दिसते. सूत्रातले १० आणि २० हे आकडे किलोकॅलरीसाठीच बसवलेले आहेत, ते दुसऱ्या एककात चालत नाहीत. त्याच पाइपवर चांगलं लॅगिंग (इन्सुलेशनचं वेष्टन) करून वरचा पृष्ठभाग ६० अंशांवर आणला तर उत्तर २२० किलोकॅलरी, म्हणजे २५६ वॅट. लॅगिंगनंतर बाहेरचं क्षेत्रफळ वाढतं, ते नवं क्षेत्रफळ गुणायला विसरू नका. पाइपच्या बाबतीत फ्लक्स कुठल्या पृष्ठभागावर मोजला, आतल्या की बाहेरच्या, हे न लिहिता आकडा देणं म्हणजे अर्धीच माहिती देणं.

आणि दीपनगरसारख्या वीज केंद्रात जाणाऱ्या पोरांसाठी: कोळशाच्या मोठ्या बॉयलरमध्ये ज्वाळेसमोरच्या भिंतीवर काहीशे किलोवॅट प्रति चौरस मीटर उष्णता येते. ३०० धरले तर ते २.५८ लाख किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटर, ९५,१०० बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट, किंवा ७.२ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. सात आणि अडीच लाख हे एकाच भिंतीचे आकडे आहेत. इथे आकड्याच्या लहानमोठेपणावरून काहीच ठरवता येत नाही.

दशांश किती लिहायचे याचंही तारतम्य ठेवा. पफची वाहकता दुसऱ्या अंकावरच डगमगते, पत्र्याचं तापमान आपण अंदाजाने ६५ धरलं, आणि ऑनलाइन कन्व्हर्टर १४.१९५७ असं उत्तर देतो. त्यातले शेवटचे चार अंक निरर्थक आहेत, चौदा लिहा. याउलट एखादा आकडा उगाच वेडावाकडा दिसला तर समजा तो दुसऱ्या एककातून आला आहे. ज्वाळेपासून माणसांना सुरक्षित अंतरावर ठेवण्याच्या अमेरिकी पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकात ४.७३ किलोवॅट प्रति चौरस मीटर अशी मर्यादा दिसते. असा आकडा कोण ठरवेल? मूळ आकडा गोल आहे, १५०० बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट. त्याच्याच शेजारचे १.५८ म्हणजे ५०० बीटीयू. अशी मूळ संख्या शोधून काढली की रूपांतर बरोबर झालं की नाही याची खात्रीही आपोआप होते.

आता तुमच्या मशीनचा हिशेब. छत २२.३ चौरस मीटर, गुणिले १४.२ म्हणजे ३१७ वॅट. भिंती ६४० चौरस फूट, म्हणजे ५९.५ चौरस मीटर. त्या सावलीत आहेत असं धरू, बाहेर ४५ आणि आत १६, फरक २९, फ्लक्स ८.४ वॅट, एकूण ५०० वॅट. दोन्ही मिळून ८१७ वॅट. कूलिंगचा एक टन म्हणजे १२,००० बीटीयू प्रति तास, ३०२४ किलोकॅलरी प्रति तास, ३.५१७ किलोवॅट. म्हणजे छत आणि भिंतींसाठी पाव टनसुद्धा लागत नाही. (बोलताना केळीचा टन आणि कूलिंगचा टन वेगळे सांगत जा. चेंबरच्या कामात यावरून खरोखर गोंधळ होतो.)

मोठा बोजा मालाचा असतो. दहा टन केळी शेतातून ३५ अंशांवर आली आणि चोवीस तासांत १७ वर आणायची असेल तर किलोला अंशामागे ३.३५ किलोज्यूल या हिशेबाने ६०३ मेगाज्यूल काढावे लागतात. ८६,४०० सेकंदांनी भागलं की सात किलोवॅट, म्हणजे दोन टन कूलिंग. तेच बारा तासांत करायचं म्हटलं तर चार टन. त्यावर पिकताना केळी स्वतः उष्णता सोडते, टनामागे शंभर-दोनशे वॅट, म्हणजे आणखी एक-दोन किलोवॅट. पंखे आणि दार उघडणं वेगळं.

तेव्हा कूलिंगवाल्याशी छताच्या साडेचार बीटीयूवर घासाघीस करू नका. त्याने किती टन केळी, किती अंशांवरून किती अंशांवर आणि किती तासांत उतरवायची धरली आहे, ते त्याच्याकडून लेखी घ्या. मे महिन्यात दुपारी तोडलेला माल तीन वाजता चेंबरला लागणार असेल तर ३५ ऐवजी ३८-४० धरायला सांगा. पहाटे तोडून सकाळीच माल लावायची सोय होत असेल तर तसं सांगा, मशीन लहान घेता येईल.